वयाची अट आणि वळणाचा प्रश्न : किशोरवयीन वाहनचालकांविषयीच्या कायद्याची वाटचाल

प्रस्तावना

सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी दुचाकीवरून महाविद्यालयात येतो, हे दृश्य महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्यांच्या गावी नित्याचे झाले आहे. त्याच्याजवळ अनुज्ञप्ती नसते, हे पालकांना ठाऊक असते आणि शिक्षकांनाही. कायदा स्पष्ट असताना समाजाने हा अपवाद कसा स्वीकारला, याचे उत्तर ऐतिहासिक आढाव्यातूनच मिळू शकते. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने विवेचन केले आहे.

कायद्याची पूर्वपीठिका

ब्रिटनमध्ये 1903 च्या मोटार कार कायद्याने मोटार चालविण्यासाठी 17 वर्षे व मोटारसायकलसाठी 14 वर्षे ही किमान वयोमर्यादा ठरविली. मात्र चालकाची परीक्षा घेण्याची तरतूद त्यात नव्हती. ती परीक्षा तेथे 1 जून 1935 पासून सक्तीची झाली. म्हणजे वय आधी आले आणि कौशल्याची तपासणी तब्बल तीन दशकांनी.

भारतात 1914 च्या कायद्यानंतर 1939 चा मोटार वाहन कायदा आला. त्याने सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यासाठी 18 वर्षांची अट घातली. त्याची जागा घेणारा 1988 चा कायदा 1 जुलै 1989 पासून अमलात आला. त्याच्या कलम 4 ने 18 वर्षांची अट कायम ठेवली. परंतु गिअर नसलेली मोटारसायकल 16 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस चालविण्याची मुभा दिली; 1994 च्या दुरुस्तीने ती 50 घनसेंटिमीटरपर्यंत इंजिनक्षमता असलेल्या मोटारसायकलसाठी ठरविली गेली. अशा अल्पवयीन अर्जदारास शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी पालकांची लेखी संमती आवश्यक केली गेली.

पन्नास घनसेंटिमीटरची पायरी

ही मुभा त्या काळाच्या वाहनांशी जुळणारी होती. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये आणलेली 50 घनसेंटिमीटरची ‘लुना’ मध्यमवर्गीय घरांत रुळली होती. कमी वेगाच्या, हलक्या वाहनावर रस्त्याची ओळख करून घ्यावी व दोन वर्षांनी मोठ्या वाहनाकडे वळावे, अशी पायरी कायद्याने जणू बांधून दिली होती.

बाजाराने मात्र ही पायरी काढून घेतली. 1984 मध्ये आलेली कायनेटिक होंडा सुमारे 98 घनसेंटिमीटरची, तर 2001 मध्ये आलेली अ‍ॅक्टिव्हा 102 घनसेंटिमीटरची होती. दोन्ही गिअर न बदलता चालणाऱ्या. परिणामी ‘गिअर नसलेली गाडी सोळाव्या वर्षी चालते’ असा समज दृढ झाला. 1994 च्या दुरुस्तीनंतर कायद्याचा निकष इंजिनक्षमतेचा होता. लोकांनी तो गिअरचाच मानला. कलमातील मुभा कायम राहिली, परंतु तिला लागू पडणारे वाहन रस्त्यावरून जवळजवळ नाहीसे झाले.

शिस्त कशी लागते?

न्यूझीलंडने 1987 मध्ये टप्प्याटप्प्याच्या अनुज्ञप्तीची पद्धत स्वीकारली. शिकाऊ, मर्यादित व पूर्ण असे तिचे तीन टप्पे होत. मर्यादित टप्प्यात रात्री उशिरा एकट्याने वाहन चालविणे व सोबत समवयस्कांना नेणे यांवर निर्बंध असतात. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने 1996 मध्ये हाच मार्ग धरला. यामागील तर्क साधा आहे. नवशिक्याला धोका हात बसला नसल्यामुळे असतो, तसाच तो अंधार, मित्रांची संगत आणि वेगाचा मोह यांमुळेही वाढतो. म्हणून या परिस्थितींशी त्याचा परिचय क्रमाक्रमाने व्हावा.

भारतीय नियमांतही याचे बीज आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार शिकाऊ चालकाने वाहनावर ‘एल’ अक्षर लावावे, अनुज्ञप्तीधारक प्रशिक्षक सोबत असावा आणि किमान 30 दिवसांनंतरच पक्की परीक्षा द्यावी. परंतु परीक्षा उत्तीर्ण होताच सर्व बंधने एकदम संपतात. मधला टप्पा नाही.

दंडाकडे वळण

2019 च्या दुरुस्तीने कलम 199-अ समाविष्ट झाले. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी 12 महिने रद्द आणि त्या मुलास वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत अनुज्ञप्ती नाही, अशी त्यात तरतूद आहे. तरीही 19 मे 2024 रोजी पुण्यात 17 वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, यावरून देशभर संताप उसळला. निबंधाने वळण लागत नाही, हे समाजाने तेव्हा एकमुखाने म्हटले. मग ते कशाने लागते, हा प्रश्न मात्र मागे पडला.

समारोप

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 व्यक्तींनी प्राण गमावले. या पार्श्वभूमीवर कायद्याचा इतिहास एक गोष्ट सुचवितो. आपण वयाची रेषा आखली, नंतर दंडाची रक्कम वाढविली. रेषेच्या अलीकडून पलीकडे जाण्याचा रस्ता मात्र बांधला नाही. शिरस्त्राण बांधणे, वळणापूर्वी वेग कमी करणे, भ्रमणध्वनी खिशात ठेवणे या सवयी अठराव्या वाढदिवशी आपोआप येत नाहीत. त्या आधीच्या दोन वर्षांत घडतात किंवा बिघडतात, आणि ती दोन वर्षे विद्यार्थी अकरावी-बारावीच्या वर्गात असतो. म्हणून महाविद्यालयाच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या विनाअनुज्ञप्ती वाहनाकडे केलेली डोळेझाक हीदेखील त्याला मिळालेली एक शिकवणच ठरते.