पूर्वज्ञानाचा रकाना

‘माहिती काय, मोबाइलवर मिळते, शाळेने आता मुलांना विचार करायला शिकवावे.’ पालकसभेपासून शिक्षक-प्रशिक्षणापर्यंत हे मत आज सर्रास मांडले जाते. त्यामागची तळमळ खरी आहे. व्याख्या आणि सनावळ्या घोकायच्या आणि परीक्षा झाली की विसरायच्या, यात पिढ्या गेल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही चिकित्सक विचाराला वाव मिळावा म्हणून प्रत्येक विषयाचा आशय गाभ्यापुरता कमी करायचे ठरवले. घोकंपट्टीविरुद्धची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पण विचारशक्ती ज्ञानावाचून कमावता येते, हा तिच्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागेत पावसाळ्यात फवारणीसाठी बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण कसे करतात ते पाहा. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. फवारणीआधी त्यात लोखंडी विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. बागाईतदाराच्या घरातल्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिलेले असते. पुढे माध्यमिक शाळेत मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवण्याचा प्रयोग येतो, तेव्हा लोखंड तांब्याला विस्थापित करते हे त्याला पाठ करावे लागत नाही. उलट तो विचारू शकतो, की पुरेसा चुना पडल्यावर विळा लाल का होत नाही? पुस्तकातल्या खिळ्यापाशी हा प्रश्न नाही. तो सुचायला विळा ठाऊक असावा लागतो. आणि त्याचे उत्तर कळायला, म्हणजे चुन्यामुळे विरघळलेले तांबे अविद्राव्य संयुगात अडकते हे समजायला, शाळेचे रसायनशास्त्र लागते. चिकित्सक विचार म्हणतात तो या दोन ज्ञानांच्या भेटीतून उपजतो.

या मिश्रणाचा शोधही तसाच लागला. फ्रान्सच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. त्या वेलींवर डाऊनी रोग पडलेला नाही, हे १८८२मध्ये मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५मध्ये त्यांनी उपाय जाहीर केला. त्या रस्त्याने कितीतरी लोक जात असतील. मिलार्दे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, डाऊनीचा अभ्यास करत होते. म्हणून त्यांना ते दिसले.

वाचनाचेही हेच. १९८८मध्ये रेक्ट आणि लेस्ली या अमेरिकी संशोधकांनी चौसष्ट शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुष्कळ सरस ठरली. ‘आकलन-कौशल्य’ नावाची एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही.

राहिला मोबाइल. पानावर पांढरे दिसले, एवढेच ज्याला सांगता येते त्याच्यापुढे डाऊनी आणि भुरी दोन्ही येतात. वरून तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी म्हणजे डाऊनी, राखेसारखी भुकटी म्हणजे भुरी, हे डोक्यात असणाऱ्यालाच आलेल्या उत्तरांतून निवड करता येते. शोधायलाही ज्ञान लागते, आणि सापडलेल्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवायला त्याहून जास्त.

यावर कोणी म्हणेल, मग गावातले अनुभव पुरेत, पुस्तक कशाला? हेही तितकेच घातक. १८८२मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेसाठी जो अभ्यासक्रम मागितला, त्यात शेतीचे प्राथमिक ज्ञान होते. आणि सर्वसाधारण इतिहास, भूगोल, व्याकरणही होते. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीपुरते शिकवा, असे ते म्हणाले नाहीत. ज्या घरात पुस्तके, वर्तमानपत्रे, प्रवास आहे तिथले मूल शाळेने आशय कमी केला तरी घरी तो मिळवते. ज्याला शाळेखेरीज दुसरा आधार नाही, त्याचे नुकसान भरून निघत नाही. ज्ञान कमी करण्याच्या गोष्टी मला म्हणूनच अन्यायाच्या वाटतात.

शिक्षकांच्या पाठटाचणात ‘पूर्वज्ञान’ असा एक रकाना असतो. हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पाठपद्धतीचा हा वारसा. बहुतेक टाचणांत तिथे ‘विद्यार्थ्यांना सजीव-निर्जीव माहीत आहेत’ अशी एखादी ठरावीक ओळ उतरवलेली असते. प्रत्यक्षात एकाच वर्गातल्या मुलांचे पूर्वज्ञान सारखे नसते. हंगामात सुरगाणा, पेठ तालुक्यांतून द्राक्षाच्या कामाला कुटुंबे येतात. त्यांच्या मुलांना नागली, वरई, राब भाजून रोपे करणे ठाऊक असते, बोर्डो नसते. शेजारच्या बाकावरच्या बागाईतदाराच्या मुलाचे बरोबर उलटे. मातीचा पाठ घेताना शिक्षकाने आधी दोघांना विचारावे, राब का भाजतात आणि बागेत शेणखत केव्हा घालतात; त्यांची उत्तरे त्या रकान्यात लिहावीत, आणि राखेतल्या आणि शेणखतातल्या पालाशाचे (पोटॅशचे) दोघांनाही ठाऊक नसलेले काम तिथून पुढे शिकवावे.