जुन्या फळझाडांची छाटणी

वर्षानुवर्षे निगा न राखलेले फळझाड पुन्हा फळते करण्यासाठी त्याच्या वाळलेल्या, रोगट व दाटलेल्या फांद्या कापून टाकतात. या कामाच्या इतिहासात कापलेल्या जागी राहणाऱ्या जखमेचे काय करावे, या प्रश्नावर बराच वाद झालेला आहे.

इंग्लंडमध्ये हा वाद पार्लमेंटपर्यंत गेला. विल्यम फोर्सिथ (१७३७–१८०४) हे १७८४ पासून केन्सिंग्टन व सेंट जेम्स येथील राजोद्यानांचे अधीक्षक होते. तेथील जीर्ण नासपतीची झाडे उपटून न टाकता त्यांनी ती खाली छाटली, किडलेले लाकूड निरोगी भागापर्यंत तासले आणि त्यावर स्वतः सिद्ध केलेला लेप चढविला. एक बुशेल ताजे शेण, अर्धा बुशेल जुन्या इमारतींचा चुना (छताच्या गिलाव्याचा असल्यास उत्तम), अर्धा बुशेल लाकडाची राख व थोडी वाळू हे त्याचे घटक होत. शेणाराखेचे आपल्याकडे कोणास नवल वाटणार नाही. फोर्सिथ यांचा दावा मात्र मोठा होता. या लेपाने पोकळ खोडही नव्या लाकडाने भरून येते, असे ते म्हणत. नौदलाच्या जहाजांना ओकचे निर्दोष लाकूड हवे असल्याने पार्लमेंटने त्यात लक्ष घातले व त्यांना १,५०० पौंड दिले. लेपाची कृती १७९१ मध्ये प्रसिद्ध झाली. टॉमस अँड्रू नाइट या उद्यानविद्यातज्ञांनी १८०२ मध्ये तिच्या गुणाविषयी जाहीर शंका घेतली. झाडांना पुन्हा फळे आली, याचे श्रेय लेपापेक्षा छाटणीने फुटलेल्या नव्या फांद्यांना देणे योग्य ठरेल.

लेपांवरील विश्वास तरीही विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिला. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी असंख्य खोडे उभी चिरून तपासली. प्राण्याप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही. झाड कुजका भाग आत कोंडून ठेवते व त्याबाहेर नवे लाकूड वाढविते, हे त्यांनी १९७७ मध्ये मांडले. तेरा वर्षांच्या प्रयोगांवर आधारलेल्या १९८३ मधील निबंधात लेपांमुळे कूज थांबत नसल्याचे दाखविण्यात आले. त्यामुळे फांदीच्या बुडाची फुगीर कड न दुखविता तिच्या लगत काप घेण्याला महत्त्व आले. जुन्या सफरचंद-नासपतीची छाटणी तीन-चार हिवाळ्यांत विभागून करतात. एकदम केल्यास सरळसोट, वांझ धुमारे माजतात.

कोकणात जुन्या आंब्याचे पुनरुज्जीवन करताना कापांवर बोर्डो मलम लावतात, ते कवकांच्या प्रतिबंधासाठी होय. अशा झाडांना खोडकिड्याचा उपद्रव होत असल्याने त्यांची पाहणी पुढेही चालू ठेवावी लागते.