सावलीवर ठरणारा सण

दरवर्षी २१ किंवा २२ डिसेंबरच्या सुमारास चीनमध्ये ‘दोंगझी’ साजरा होतो. दोंगझी म्हणजे हिवाळ्याचे टोक, वर्षातला सर्वांत लहान दिवस. त्या दिवशी उत्तरेत सारण भरलेल्या, आपल्या करंजीसारख्या दिसणाऱ्या उकडलेल्या ‘ज्याओझी’ खातात. दक्षिणेत तांदळाच्या पिठाचे गोळे गरम पाण्यात शिजवून कुटुंबासह खाल्ले जातात.

ऐन अंधाराच्या दिवशी आनंद कशाचा? चिनी विचारात ‘यिन’ म्हणजे थंडी व अंधार, ‘यांग’ म्हणजे ऊब व उजेड. यिन शिगेला पोहोचते त्याच क्षणी यांगचा जन्म होतो. उद्यापासून दिवस वाढणार, म्हणून सण. थंडी मात्र लगेच हटत नाही. त्यासाठी दोंगझीपासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे, म्हणजे ८१ दिवस मोजतात. जुन्या घरांत ८१ पाकळ्यांचे फुलांचे चित्र भिंतीवर लावत आणि रोज एक पाकळी रंगवत. चित्र पुरे झाले की वसंत आला.

पण हा दिवस ठरवायचा कसा? काठी उभी करून दुपारची सावली मोजायची. सर्वांत लांब सावलीचा दिवस तो दोंगझी. ऐकायला सोपे, पण त्या दिवसांत सावली रोज अगदी किंचित बदलते. म्हणून तेराव्या शतकात गुओ शोउजिंग यांनी हेनान प्रांतातील गाओचेंग येथे उंच वेधशाळा बांधली. तिथली सावली मोजायची दगडी पट्टी सुमारे ३१ मीटर लांब आहे. १२८१ साली लागू झालेल्या त्यांच्या पंचांगात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे होते. तीनशे वर्षांनी युरोपच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने हाच आकडा धरला.

दोंगझीला सम्राट स्वतः आकाशाची पूजा करी. पंचांग चुकले तर गादीची अब्रू जाई. त्यामुळे जिथे ज्ञान मिळेल तिथून ते घेतले गेले. १२६७ मध्ये जमालुद्दीन या मुस्लिम खगोलज्ञाने कुबलाई खानाला सात उपकरणे आणि एक पंचांग सादर केले. १२७१ मध्ये मुस्लिम खगोलज्ञांसाठी स्वतंत्र खाते निघाले, त्याचे प्रमुखही तेच. पुढे मिंग दरबारातही मुस्लिम खगोलज्ञांचा विभाग होता.

इथे एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. त्यात अधिक महिना नाही, म्हणून रमजान साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मग ऋतूंशी न बांधलेल्या या लोकांना सूर्याचा हिशेब कुठून ठाऊक? उत्तर रोजच्या नमाजमध्ये आहे. आपला महिना चंद्राचा, पण दिवस सूर्याचा. जोहरची वेळ सूर्य ढळल्यावर सुरू होते, असरची वेळ सावलीच्या लांबीवरून ठरते. आणि दुपारची सावली ऋतूप्रमाणे बदलते, हे त्या हिशेबात धरावेच लागते. चीनला गेलेल्या खगोलज्ञांसाठी सावली मोजणे परके काम नव्हते.

या सहवासाचा शेवटही सावलीनेच केला. पंचांगाच्या वादात १६६८ च्या डिसेंबरात सम्राट कांगशीने परीक्षा ठेवली: दुपारची सावली किती पडेल, ते आधी सांगा. एका बाजूला यांग ग्वांगश्यान आणि मुस्लिम खगोलज्ञ वू मिंगश्वान, दुसऱ्या बाजूला जेझुइट फर्डिनांड व्हर्बीस्ट. व्हर्बीस्ट यांचे गणित बरोबर आले आणि १६६९ मध्ये खगोल खात्याची सूत्रे त्यांच्याकडे गेली. चारशे वर्षांची परंपरा होती, पण निकाल परंपरेवर लागला नाही. अचूकतेवर लागला.

मला यात अपमान दिसत नाही, धडा दिसतो. ज्या कसोटीने जमालुद्दीन दरबारात आले, त्याच कसोटीने वू मिंगश्वान मागे पडले. पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान बाळगणाऱ्याने पूर्वजांचे मोजणेही चालू ठेवायला हवे. सम्राट गेले, त्यांची पूजा थांबली. चीनमधल्या घरांत दोंगझीच्या ज्याओझी मात्र आजही उकडल्या जातात.