घराचा फोटो आणि घराचा कागद

कुणी गटाची मीटिंग आटोपून ऐकत असाल, कुणी भाकरी थापता थापता. आज आपल्या गावठाणातल्या घरांचा इतिहास सांगणार आहे. सुरुवात माझ्या मावशीच्या घरापासून करते.

काका गेले, मावशी एकटी राहिली. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि तिने दोन खणांचं घर विकायचं ठरवलं. भाचा म्हणाला, "मोबाइलवर फोटो टाकू, गिऱ्हाईक येईल." झालं, आम्ही चौघी दोन दिवस खपलो. जमीन सारवली, भिंतींना चुना दिला, चिंच लावून हंडे घासले, वलणीवरचे कपडे काढले, गोधड्या पेटीत कोंबल्या. फोटोत घर इतकं ऐसपैस दिसलं की मावशीच म्हणाली, "हे कुणाचं गं?"

गिऱ्हाईक आलं. त्याने हंड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "प्रॉपर्टी कार्ड दाखवा." कार्ड नव्हतंच. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढला, तर त्यावर नाव काकांच्या थोरल्या भावाचं. त्यांना जाऊन वीस वर्षं झालेली. व्यवहार तिथेच बसला.

घर दाखवायचं म्हटलं की तयारी आपण करायची, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं तरी तेच. कागदाची तयारी मात्र आपल्याकडे कुणी दिली नाही. पण कार्ड नव्हतं यात मावशीची चूक नव्हती. ती गोष्ट जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे.

इंग्रजांच्या राज्यात १८३० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर भागात शेतजमिनीची नवी मोजणी सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी बसवलेली ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. म्हणून गुंठा आजही १,०८९ चौरस फुटांचा आहे. ही साखळी शेताशेतातून फिरली, कारण सारा शेतातून मिळायचा. गावठाणाला बाहेरून हद्द पडली, पण आत कुणाचा वाडा, कुणाची पडवी, कुणाचं परसू, हे सरकारने मोजलं नाही. ज्या जागेत बाईचा सगळा दिवस जातो, नेमकी तीच जागा नकाशात कोरी राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९६६ साली महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला. दोन हजारांहून जास्त वस्तीच्या गावांत गावठाण मोजायचं ठरलं. शहरांत आणि मोठ्या गावांत सिटी सर्व्हे होऊन कार्डं मिळाली, लहान गावं मागे राहिली. तिथे हातात राहिला तो नमुना आठ. हा कर आकारणीचा उतारा. घरपट्टी कुणाकडून घ्यायची हे त्यावरून कळतं, मालकी सिद्ध करायला तो एकटा पुरत नाही. आणि तलाठ्याकडचा 'आठ अ' वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. आमच्या गटात निम्म्या जणी हे दोन्ही एकच समजत होत्या. मीसुद्धा समजत होते!

आता नावाचं बघू. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केलं, पण राहत्या घरापाशी पाचर मारून ठेवली. भाऊ आपसात वाटणी करेपर्यंत बहिणीने राहत्या घराची वाटणी मागायची नाही, असं कलम २३ सांगत होतं. तिथे राहायचा हक्क होता, तोही ती अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळी असेल तरच. हे कलम २००५ साली निघालं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं! मुलीला जन्मापासून वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा देणारा कायदा महाराष्ट्राने त्याआधी, १९९४ मध्ये केला होता, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या.

मधल्या काळात बायका गप्प नव्हत्या. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं. त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करतील, ते लक्ष्मीमुक्त गाव. त्यात बोलणं जमिनीचं होतं. घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावा, असा सरकारचा निर्णय २००३ मध्ये आला. ग्रामपंचायतीत जाऊन बघा, तुमच्या उताऱ्यावर ते झालंय का.

आणि मग आकाशातून फोटो काढणारं यंत्र आलं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला सहा राज्यांतल्या ७६३ गावांत पहिली कार्डं दिली, त्यांत महाराष्ट्रातली शंभर गावं होती.

मावशीच्या गावात ड्रोन यायचा म्हणून दवंडी झाली. आधल्या दिवशी घरोघरी हद्दीवर चुन्याची फक्की टाकायची होती. वरून काढलेल्या फोटोत सारवलेली जमीन दिसत नाही, घासलेले हंडे दिसत नाहीत. पत्रा दिसतो, भिंतीची कड दिसते आणि चुन्याची रेघ दिसते. झाडाखाली काही असेल तर तेही दिसत नाही. गड्यांनी पुढून रेघ ओढली आणि ते पारावर जाऊन बसले. मागे न्हाणी, उकिरडा, शेळ्यांचा गोठा, तिथून शेजारणीशी वाद. त्या बाजूची हद्द कुठल्या दगडापाशी वळते हे मावशीला आणि शेजारणीलाच माहीत. दोघींनी आधी भांडण केलं, मग चुन्याची पाटी दोन्हीकडून धरून रेघ ओढली.

पुढे चौकशी लागली. फोटोवरून नकाशा होतो, नाव या चौकशीत लागतं, म्हणून त्या दिवशी घरी बसून चालत नाही. मावशीने काकांच्या मृत्यूचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, लाइट बिलं पिशवीत भरली. दिराच्या मुलांनी हरकत नाही म्हणून लिहून दिलं. मुलगी सासरहून आली ती हक्कसोड करायच्या तयारीनेच, म्हणाली, "माहेर तुटेल." मावशी म्हणाली, "माहेर मी आहे. नाव लाव."

ठरलेली फी भरल्यावर सनद हातात आली. मिळकत पत्रिकेवर मायलेकींची नावं आहेत.

गेल्या महिन्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. या खेपेला गोधड्या वलणीवरच होत्या. त्याने आधी कार्ड वाचलं, मग घर बघितलं, मागे जाऊन न्हाणीपर्यंत पावलं टाकून मोजलं. मावशीने पहिल्यापेक्षा भाव चढा सांगितला. तो विचार करून येतो म्हणालाय. गुडघा मात्र अजून तसाच आहे.