प्लेगची साल आणि बेळगावचा पावसाळा

बेळगाव-निपाणी भागातील जुन्या मराठी घरांत काळ मोजण्याची एक खूण दीर्घकाळ वापरात होती. कोणाची मुंज ‘प्लेगच्या साली’ झालेली असे, कोणाचा वाडा ‘प्लेगच्या साली’ ओस पडलेला असे. ती साल नेमकी कोणती, हे मात्र सांगणाऱ्यालाही सांगता येत नसे. कारण प्लेग एकदा येऊन गेला नाही, तो पुनःपुन्हा येत राहिला. या खुणेमागचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा आमच्या लक्षात आले की साथरोगशास्त्र नावाच्या विद्येचा एक महत्त्वाचा धडा आपल्याच गावाच्या पावसाळ्यात लिहिला गेला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढल्या वर्षाच्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा झाला. घरझडती, सक्तीची रवानगी, भिंतींवर जंतुनाशकांचे फवारे, छपरे उघडी करणे हे सारे त्या कायद्याच्या बळावर झाले. पुण्यात त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ च्या रँडवधाच्या प्रसंगात झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या, याचे स्मरण मात्र पुष्कळ उशिरा होऊ लागले. जुलूम हा या इतिहासाचा एक भाग आहे. परंतु दुसरा भाग असा की, जुलूम करणाऱ्यांचा कार्यकारणभावच चुकलेला होता. रोग घाणीत, जमिनीत आणि कोंदट हवेत आहे, अशी त्यांची समजूत होती. भिंती धुतल्या जात होत्या आणि भिंतींतील उंदीर शेजारच्या घरात जात होते.

प्लेग दक्षिणेकडे आला तो माणसांच्या आणि मालाच्या वाटेने. दक्षिण मराठा रेल्वेने बेळगाव, धारवाड, हुबळी ही धान्य-कापसाची पेठ एका सूत्रात ओवली होती. निपाणीसारख्या रेल्वे नसलेल्या पेठेत पुणे-बंगळूर रस्त्याने गाड्या चालत. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा प्रवास करीत. १८९१ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १० लाख १३ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ९ लाख ९४ हजार भरली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी घट झाली. या घटीत दुष्काळाचा वाटा किती आणि प्लेगचा किती, हे आकडे स्वतः बोलत नाहीत. पण दोन्ही आपत्ती एकाच घराच्या उंबऱ्यावर आल्या, हे त्यांवरून उघड होते.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत उंदराच्या पिसवेवर बोट ठेवले. तेव्हा त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत परळ येथे तो प्रश्न पुन्हा हाती घेतला. प्लेग झालेल्या खोल्यांत गिनीपिग ठेवण्यात आले. मोकळे सोडलेले प्राणी मेले. ज्या पिंजऱ्यांना बारीक जाळी होती, किंवा जे जमिनीपासून दोन फूट उंच टांगले होते, त्यांतले वाचले. कारण पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही. खोलीची हवा दोघांनाही तीच होती. म्हणजे दोष हवेचा नव्हता.

याच आयोगाने १९०८-०९ मध्ये बेळगावात निरीक्षणे केली. उंदीर पकडावेत, त्यांतले प्लेगचे किती ते तपासावेत, एकेका उंदरावर पिसवा किती ते मोजावे आणि हे सारे ऋतुमानाशी ताडून पाहावे, असे ते चिकाटीचे काम होते. मुंबईत प्लेगचा जोर फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत असे. बेळगावात तो पावसाळ्यात आणि त्यालगतच्या महिन्यांत वाढे. रोग एक, जंतू एक, मग ऋतू दोन का? उत्तर हवामानात सापडले. सुमारे अडीच हजार फूट उंचीवरच्या बेळगावची हवा पावसाळ्यात गार आणि दमट असते. ती पिसवेला मानवते. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात पिसवा फार काळ जगत नाहीत आणि साथ ओसरते. पुढे १९१७ मध्ये ब्रुक्स यांनी तापमान, हवेचा कोरडेपणा आणि प्लेग यांचा संबंध मांडला.

आता आपल्या वाडवडिलांच्या वर्तनाकडे पाहू. ‘उंदीर पडू लागले’ की घर सोडावे आणि माळावर पाले ठोकून राहावे, ही रीत लोकांनी अनुभवाने स्वीकारली. तिच्यामागे मरीआईच्या कोपाची समजूत असो वा नसो, कृती अचूक होती. कारण घर सोडणे म्हणजे उंदीर आणि पिसवा यांना सोडणे. सरकारपाशी अधिकार होता, पण कारण चुकीचे होते. लोकांपाशी कारण नव्हते, पण उपाय बरोबर होता. १८९८ मध्ये हुबळीत हाफकिन यांची लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली, तेव्हा तिचाही उपयोग दिसून आला.

तथापि माळावर जाणे सर्वांना सारखे साधत नव्हते. ज्याचे शेत होते, त्याला मळ्यातल्या खोपीचा आसरा होता. ज्याचे पोट रोजच्या हमालीवर, त्याने पेठ सोडून जायचे कोठे? भर पावसाळ्यात गळक्या पालात तान्हे मूल घेऊन राहायचे कसे? बेळगावची साथ नेमकी पावसाळ्यात येई, म्हणून येथे हा प्रश्न अधिकच कठीण होता. पिसू जात पाहत नाही, पैसा पाहत नाही. पण घर कोणते, धान्याचे कोठार किती जवळ आणि पळून जायला जागा आहे की नाही, हे सारे जात आणि पैसाच ठरवीत होते.

हा धडा जुना झाला, असे म्हणता येत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावच्या लोकांनी भीतीने घरे सोडली. धान्य आत राहिले, उंदीर माजले आणि १९९४ मध्ये तेथे प्लेगच्या रुग्णांची नोंद झाली. एकेकाळी ज्या कृतीने माणसे वाचली, तीच दुसऱ्या परिस्थितीत संकटाचे निमित्त झाली. म्हणून रीत जपण्याहून तिचे कारण जाणणे अधिक मोलाचे.

आमची एक विनंती आहे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते आणि नंतर म्हैसूर राज्यात गेले, त्यामुळे जुने कागद दोन राज्यांत विखुरले. परंतु आपल्या घरांत कुलवृत्तांत आहेत, श्राद्धाच्या तिथींच्या वह्या आहेत, वाडा गहाण टाकल्याची खते आहेत. त्या काळातल्या निधनतिथी काढून पाहाव्यात. श्रावण ते कार्तिक या महिन्यांत त्या दाटून आलेल्या दिसल्या, तर आयोगाने उंदीर मोजून जे सांगितले, त्याची साक्ष आपल्याच देवघरात मिळेल.

हे करताना एक गोष्ट डोळ्यांआड होऊ नये. आपल्या कुलवृत्तांतांत पुरुषांच्या तिथी आहेत. सुनांच्या आणि लेकींच्या पुष्कळदा नाहीत. आपल्या परसात राबणाऱ्या आणि पेठेत पोती वाहणाऱ्या माणसांचे तर कुलवृत्तांतच नाहीत. साथीत मेलेल्यांची मोजदाद करताना त्या रिकाम्या जागाही मोजाव्या लागतील. त्या भरल्याखेरीज ‘प्लेगच्या साली’ काय झाले, हे आपल्याला पुरते कळले असे आम्ही म्हणणार नाही.