गाडीकडे परत नेणारे यंत्र

अमेरिकेच्या उत्तरेकडील अनेक राज्यांत नोव्हेंबर हा हरणांच्या शिकारीचा महिना. परवाना काढलेला शिकारी पहाटेच्या अंधारात गाडी रस्त्याकडेला लावतो आणि मागावर जंगलात शिरतो. दिवस मावळताना त्याच्यापुढे एकच प्रश्न उरतो : गाडी कोणत्या दिशेला आहे? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. पण धुक्यात सापडलेल्या सह्याद्रीतील भटक्याचा प्रश्न हाच असतो. त्याचे उत्तर देणारे साधे, हातात मावणारे जीपीएस यंत्र कसे घडत गेले हे पाहिले, की ते निवडताना काय बघावे हेही आपोआप कळते.

सुरुवात ऑक्टोबर १९५७ मध्ये झाली. रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागला तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोघे त्याचे संदेश ऐकत होते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी दूर जाताना खाली उतरते, तशी उपग्रहाच्या संदेशाची वारंवारताही बदलत होती. त्या बदलावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला : कक्षा माहीत असेल, तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? यातून पाणबुड्यांसाठी 'ट्रान्झिट' ही योजना उभी राहिली. मात्र तिच्यात उपग्रह डोक्यावरून जाण्याची वाट पाहावी लागे. जहाजाला हे परवडते. पायी चालणाऱ्याला नाही.

१९७३ मध्ये आखलेल्या आणि १९७८ मध्ये पहिला उपग्रह सोडलेल्या जीपीएसने वेगळा मार्ग धरला, तो घड्याळाचा. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह 'मी आत्ता इथे आहे आणि वाजले आहेत इतके' असे सतत सांगत असतो. संदेश पोहोचायला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, म्हणजे अंतर. पण प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. घड्याळ सेकंदाच्या एक दशलक्षांश भागाने चुकले तरी अंतर ३०० मीटरनी चुकते! उपग्रहात अणुघड्याळ आहे; शिकाऱ्याच्या हातातल्या यंत्रात मात्र मनगटी घड्याळात असतो तसा साधा क्वार्ट्झचा स्फटिक. मग कसे जमते?

फळ्यावर मांडून पाहा. आपल्या जागेचे तीन अंक अज्ञात, आणि आपल्या घड्याळाची चूक हा चौथा अज्ञात. चार अज्ञातांना चार समीकरणे हवीत, म्हणून चार उपग्रह. चौथा उपग्रह आपले स्वस्त घड्याळ दुरुस्त करून देतो. मला स्वतःला या साऱ्या योजनेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. महाग वस्तू आकाशात ठेवली, म्हणून जमिनीवरची वस्तू स्वस्त होऊ शकली.

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोविएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे गेली. त्यानंतर रेगन सरकारने जाहीर केले, की जीपीएस पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी मोफत खुले राहील. या अपघातामुळेच जीपीएस जनतेला मिळाले असे पुष्कळदा लिहिले जाते, ते अर्धसत्य आहे. नागरी संदेश मूळ आराखड्यातच होता. जाहीर आश्वासन तेव्हा मिळाले.

१९८९ मध्ये मॅजेलन कंपनीने हातात धरायचे पहिले यंत्र बाजारात आणले. किंमत सुमारे तीन हजार डॉलर. सुरुवातीच्या अशा यंत्रांत संदेश ऐकणाऱ्या वाहिन्या एक-दोनच असत. वर्गातल्या मुलांना एकेक करून प्रश्न विचारावेत, तसे यंत्र एकेका उपग्रहाकडे आळीपाळीने वळे. मोकळ्या माळावर हे ठीक. जंगलात ओल्या पानांनी आधीच क्षीण असलेला संदेश आणखी क्षीण होतो, मध्ये एखादा बुंधा आला की तो तुटतो, आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू. १९९० च्या दशकात एकाच वेळी बारा उपग्रह ऐकणारी यंत्रे आली, तेव्हा कुठे ती झाडीत भरवशाची झाली. म्हणून त्या काळी जाणकार गिऱ्हाईक दुकानात आधी विचारी : वाहिन्या किती?

पण चांगले यंत्र घेऊनही एक अडचण उरे, आणि ती मुद्दाम केलेली होती. १९९० पासून अमेरिकी लष्कर नागरी संदेशातली वेळ जाणूनबुजून थोडी बिघडवत असे. यंत्र जागचे न हलवताही आकडे सरकत राहत. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. आखाती युद्धात गंमतच झाली. लष्करी यंत्रे पुरेनात म्हणून सैन्याने नागरी यंत्रे हजारोंनी विकत घेतली, आणि आपल्याच सैनिकांची वाट चुकू नये म्हणून हा बिघाड काही काळ बंद ठेवावा लागला! अखेर मे २००० मध्ये क्लिंटन सरकारने तो कायमचा थांबवला. एका रात्रीत, जगातल्या जुन्या-नव्या सर्व यंत्रांची अचूकता सुमारे दहापट वाढली. कोणालाही नवे यंत्र घ्यावे लागले नाही. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि खजिना शोधण्याचा एक नवा खेळ जन्मला.

त्याच सुमारास गार्मिनचे पिवळे ईट्रेक्स आले : बारा वाहिन्या, दोन पेन्सिल सेल, नकाशा नाही. गाडीपाशी खूण नोंदवा, परतताना बाणाकडे पाहा. माझ्या मते प्राथमिक गरजेला आजही एवढेच पुरते. एक गोष्ट मात्र विक्रेता सहसा सांगत नाही. अशा साध्या यंत्रात होकायंत्र नसते. दोन जागांमधला फरक पाहून ते दिशा ठरवते. उभे राहिलात तर बाण निरर्थक. दहा-वीस पावले चाला, मग बाण बोलू लागतो. तेव्हा खिशात चुंबकाची सुई हवीच.

आता मोबाईलमध्येही जीपीएस असते आणि ते नेटवर्कशिवायही चालते. नकाशा तेवढा आधी उतरवून घ्यावा लागतो. तरी थंडीत, पावसात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेल बदलता येणारे यंत्र वेगळेच.

कागदी नकाशा सोबत असेल तर यंत्रातली आणखी एक मांडणी तपासा. भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. पृथ्वीचा आकार दोघांनी किंचित वेगळा धरलेला असल्याने तेच अक्षांश-रेखांश महाराष्ट्रात शंभर मीटरच्या घरात सरकलेले दिसतात. म्हणजे मे २००० मध्ये गेलेली चूक मागच्या दाराने परत!

शाळेच्या मैदानावर हे करून पाहता येईल. एक खुंटी ठोका, तिथे दर पाच मिनिटांनी तासभर आकडे टिपा आणि ते आलेख कागदावर मांडा. अक्षांशाच्या एका सेकंदाला सुमारे ३१ मीटर धरा. मग तोच प्रयोग वडाखाली करा आणि ठिपक्यांचे दोन्ही पुंजके शेजारी ठेवून मुलांना मोजू द्या.