कुलामामा : मेळघाटातील व्याघ्रश्रद्धेचा विचार

अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात राहणारे कोरकू लोक वाघास ‘कुला’ म्हणतात. पूज्य भावनेने उल्लेख करताना त्याचाच ‘कुलामामा’ होतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. मुंडारीतील ‘कुला’ व संथालीतील ‘कुल’ हे वाघाचे वाचक शब्द याच शब्दाचे सगोत्र होत. ‘मामा’ हा शब्द मात्र शेजारच्या आर्य भाषांतून आलेला दिसतो. अशा रीतीने या एका नावात दोन थर सांभाळले गेले आहेत. यावरून नात्याची भावनाही उसनी ठरत नाही. शब्द उसना घेऊन जुनी भावना त्यातून व्यक्त करता येते.

तुलनेसाठी एस्टोनियाची लोकपरंपरा उद्‌बोधक ठरते. याकोब हुर्ट यांनी १८८८ मध्ये केलेल्या आवाहनानंतर तेथे लोकसाहित्याचे विपुल संकलन झाले. त्या परंपरेत लांडग्याचे खरे नाव टाळून त्यास ‘करड्या कोटवाला’ किंवा संत यूरीचा कुत्रा म्हणण्याचा प्रघात आढळतो. नाव घेतल्यास तो येतो, ही त्यामागील भीती. मेळघाटात नाव टाळले जात नाही, त्यास नात्याची जोड दिली जाते. मामाने भाच्याचे रक्षण करावे, ही अपेक्षा त्या संबोधनातच अनुस्यूत आहे. मराठीतही मांजर वाघाची मावशी ठरते व चंद्र मामा होतो. परंतु ते नाते बालगीतापुरते राहते, कुलामामाचे पूजेपर्यंत पोहोचते.

या श्रद्धेचे अधिष्ठान स्थानिक आहे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात परिहार व भूमका हे कोरकूंचे दोन प्रकारचे पुजारी नमूद आहेत. त्यांपैकी भूमकाचे नावच भूमीशी निगडित दिसते. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला व त्यातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश झाला. पुढे गाभाक्षेत्रातील अनेक गावे उठविण्यात आली. त्यांपैकी काहींचे पुनर्वसन अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यात झाले. वाघाच्या रक्षणासाठी वाघाचे भाचे सपाटीवर उतरले, हा या इतिहासातील अंतर्विरोध होय.

गाव हलविता येते. देवाचे ठाणे हलते काय, हा प्रश्न उरतो. नव्या वसाहतीत कुलामामाचे ठाणे पुन्हा मांडले जाते की त्याचे केवळ नाव उरते, याची नोंद जुनी शिव पाहिलेली पिढी हयात असतानाच व्हावयास हवी.